तिसऱ्या रांगेमागची जागा: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आज कामाची व्याप्ती लेखी ठरली. गाडी तीन रांगांची, सात जणांची. सातही जागा भरलेल्या असताना सामान कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न आमच्या गटाकडे आहे. तिसरी रांग दुमडली की जागेची अडचण उरत नाही, म्हणून तो भाग जवळपास बाजूला ठेवला. सात जणांची गाडी घेणाऱ्याला डिकीची खरी गरज पडते ती सातही जण निघतात त्या दिवशी, आणि बहुतेक गाड्यांत नेमकी त्याच दिवशी डिकी नावापुरती उरते. मग बॅगा पायांशी येतात, मांडीवर येतात, नाहीतर टपावर चढतात. ही गाडी तशी होऊ द्यायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं आहे.

हात लावता येणार नाही अशा गोष्टी: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७४० मिमी), गाडीची एकूण लांबी, मागचं सस्पेन्शन. सीट, तळ, टेलगेट (मागचं वर उघडणारं दार) आणि बंपर यांवर बोलणी होऊ शकतात.

११ जानेवारी

सध्याच्या आराखड्याची मापं काढली. तिसऱ्या रांगेची पाठ उभ्या रेषेपासून नेहमीच्या २५ अंशांवर धरली, तर पाठीपासून टेलगेटच्या आतल्या ट्रिमपर्यंत (आवरणापर्यंत) तळाशी ४८० मिमी खोली मिळते. तळापासून २०० मिमी उंचीनंतर पाठ मागे झुकू लागते आणि टेलगेटही किंचित पुढे कललेलं आहे. त्यामुळे ५५० मिमी उंचीवर जेमतेम ३०० मिमी उरतात. दोन्ही बाजूंच्या ट्रिममधली रुंदी १०६० मिमी.

आयएसओ ३८३२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने जागा मोजली. या पद्धतीत २०० × १०० × ५० मिमीचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. जितके मावले तितके लिटर. सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंत आमच्याकडे २०५ ठोकळे बसले.

आता विमानात केबिनमध्ये नेतात तशी बॅग घेऊ. ५५० × ४०० × २३० मिमी, चाकं आणि हँडल धरून. एका बॅगेचं बाहेरचं आकारमान ५०.६ लिटर, तिघींचं १५२ लिटर. २०५ लिटरच्या डिकीत १५२ लिटरच्या बॅगा सहज बसाव्यात. बसत नाहीत. दोन बॅगा सीटच्या पाठीला चिकटून शेजारी शेजारी उभ्या राहतात, तिसरीला २६० मिमी रुंदी उरते. त्या फटीत ती आडवी वळवून घालायची तर ४०० मिमी खोली हवी, आणि वरच्या टोकाला आहेत ३००. टेलगेट बंद होत नाही.

ठोकळा छोट्या विटेएवढा असल्यामुळे तो प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक उतारावर शिरतो. बॅगेला तसं शिरता येत नाही. आमचं ध्येय म्हणून लिटरचा आकडा लिहायचा नाही, हे आजच ठरवलं. ध्येय असं लिहिलं: सातही जण बसलेले असताना तीन केबिन बॅगा उभ्या, टेलगेट बंद, आणि उरलेल्या जागेत पाठीवरच्या मऊ पिशव्या.

१२ जानेवारी

कालच्या नोंदीला जोड. अमेरिकेतल्या एसएई जे११०० या मापन पद्धतीत डिकीसाठी ठरावीक मापांच्या सूटकेस, खोके आणि गोल्फची बॅगसुद्धा वापरतात. कल्पना आमच्या मनातलीच आहे, फक्त संच त्यांच्याकडच्या सामानाचा आहे. शिवाय एकाच गाडीचे दोन आकडे छापले जातात, एक खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतचा आणि एक छतापर्यंतचा. छतापर्यंतचा आकडा मी आमच्या कुठल्याच कागदावर येऊ देणार नाही. पाठीच्या वर रचलेलं सामान मागचं दिसणं बंद करतं आणि ब्रेक लागला की पुढच्यांच्या डोक्यावर येतं.

१९ जानेवारी

मॉडेल शॉपने प्लायवुडचे खोके करून दिले. केबिन बॅग तीन नग. मोठी बॅग एक, ७७० × ५२० × २९० मिमी. तीन बाजूंची बेरीज १५८ सेंमी, कारण विमानात चेक-इन सामानाला बहुतेक कंपन्या हीच मर्यादा लावतात आणि बॅगा बनवणारे तीच डोळ्यांसमोर ठेवतात. खोक्यांचे कोपरे गोल केले, चाकं आणि हँडलही लावली. हँडल मुठीएवढं बाहेर येतं आणि आराखड्यावर ते कुणी दाखवत नाही. आत वाळूच्या पिशव्या ठेवून वजन भरता येतं.

सोबत घडीची बाबागाडी आणि घडीची चाकांची खुर्ची, दोन्ही खऱ्याच आणल्या.

२ फेब्रुवारी

जागा डिकीत शोधून मिळत नाही, ती शेजारच्या भागांकडून मागून आणावी लागते. रेनॉ ४ ही गाडी १९६१ ची. तिचं मागचं दार थेट सपाट तळापर्यंत उघडायचं, मध्ये उंबरठा नव्हताच, म्हणून एवढ्याशा गाडीत माणसं कपाटं घालून नेत. होंडा जॅझ २००१ ची. तिची इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली, म्हणून मागच्या सीटखालची जागा मोकळी झाली आणि सीट पार तळात दुमडू लागली. दोन्हीकडे डिकीवाल्यांनी नाही, दुसऱ्या कुणीतरी आपली जागा सोडली.

आमच्याकडे मागायला तीन दारं आहेत: स्टेपनी, टेलगेटची आतली ट्रिम आणि तिसऱ्या सीटची पाठ.

हिशेब असा. तळ खाली गेला की उभ्या बॅगेचं वरचं टोकही खाली येतं, आणि खाली खोली जास्त आहे. तळ ८० मिमी उतरला तर बॅगेचं टोक जुन्या तळापासून ४७० मिमीवर येतं. तिथे २५ अंशांच्या पाठीमागे सुमारे ३३७ मिमी मिळतात. पाठ १६ अंशांवर उभी केली तर तिथेच ३८६. टेलगेटची ट्रिम २० मिमी पोकळ केली तर ४०६. बॅग ४०० ची. तिन्ही गटांनी होकार दिला तरच बॅग मावते, एकानेही नाही म्हटलं तर सगळं मुसळ केरात.

९ फेब्रुवारी

स्टेपनीवर दिवसभर चर्चा. सध्या तळाखाली पूर्ण आकाराचं चाक आडवं ठेवलं आहे, टायर २०५ मिमी रुंद. पर्याय तीन.

पहिला, स्टेपनी काढून टाकायची आणि पंक्चर दुरुस्तीचा संच द्यायचा, म्हणजे छोटा कॉम्प्रेसर आणि टायरमध्ये भरायचा द्रव. वजन आणि जागा दोन्ही वाचतात. पण हा द्रव खिळ्याने पडलेलं छोटं भोक बुजवतो. टायरची बाजू फाटली, रिम वाकली तर त्याचा काही उपयोग नाही. सात माणसं आणि सामान घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहिलेल्या कुटुंबाला मी हे उत्तर देऊ शकत नाही.

दुसरा, चाक गाडीच्या पोटाखाली साखळीने टांगायचं. याचा मोठा फायदा असा की पंक्चर झालं तरी डिकीतलं सामान उतरवावं लागत नाही. तोटे: चिखल, गंज, चढावर मागची बाजू घासणं. आणि आमच्याकडे तिथे सायलेन्सर आहे. तो हलवायला सहा-सात भाग बदलावे लागतील.

तिसरा, कमी रुंदीची तात्पुरती स्टेपनी, १२५ मिमीची. २०५ वजा १२५ म्हणजे आम्हाला हवे ते ८० मिमी. ही चाकं ताशी ८० किमीच्या वर चालवायची नसतात आणि तशी सूचना चाकावरच असते. दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचायला ती पुरेशी आहेत.

तिसरा पर्याय घेतला. त्याची उणीव अशी की स्टेपनी काढायला सामान उतरवावंच लागेल. निदान जॅक, पाना आणि बंद गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण तरी बॅगांखाली पुरले जाऊ नयेत, म्हणून ते तिघं उजव्या ट्रिममधल्या कप्प्यात हलवले. त्रिकोण तर डिकी भरलेली असतानाच आधी लागतो. तो हाताला पहिल्यांदा यायला हवा, आणि मला तो खुद्द टेलगेटच्या आतल्या बाजूला हवा होता. वायपरच्या मोटरमुळे तिथे जमलं नाही.

२३ फेब्रुवारी

सीट गटाशी बैठक. त्यांचा आक्षेप अगदी रास्त होता. ते म्हणाले, "सातही जण निघतात तेव्हाच तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसतात, आणि तेव्हाच तुम्ही त्यांना १६ अंशांवर ताठ बसवणार. त्यांनी तासन्‌तास कसं बसायचं?"

यावर घोडं बराच वेळ अडलं होतं. उत्तर प्लायवुडच्या खोक्यांनीच दिलं. खोके पुन्हा मांडून बघितले तेव्हा दिसलं की खोल जागा फक्त तिसऱ्या, वळवलेल्या बॅगेला लागते, आणि ती डाव्या कोपऱ्यात २३० मिमी रुंदीच व्यापते. बाकी दोघी २३० मिमी जाडीच्या, त्यांना २५ अंशांची पाठ चालते. म्हणजे दोन्ही सीट ताठ करायची गरजच नाही! पाठ अर्धी-अर्धी दुमडणारी आहेच. फक्त डाव्या सीटच्या लॅचला (पाठ जागेवर अडकवणाऱ्या कडीला) दुसरी खाच द्यायची: एक २५ ची, एक १६ ची. तिथे लहान मूल बसेल किंवा तरुण माणूस बसेल. उजवीकडची आजी आपल्या नेहमीच्या पाठीवर टेकून बसेल.

टेलगेटची ट्रिमही मग फक्त डाव्या कोपऱ्यात पोकळ करावी लागते. मोटर मध्यभागी आहे, तिला धक्का नाही. दोन गटांची मागणी एकदम निम्मी झाली आणि दोघांनीही तिथल्या तिथे होकार दिला. या प्रकल्पातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा दिवस.

६ मार्च

पूर्ण आकाराचा लाकडी साचा उभा राहिला. वेगवेगळ्या उंचीच्या सहकाऱ्यांना बोलावून बॅगा चढवायला लावल्या. मापात बसणं आणि माणसाला बसवता येणं यात फरक पडतो तो इथे.

उंबरठा जमिनीपासून ७२० मिमीवर आहे. उंची तशी ठीक. त्रास होतो तो आडव्या अंतराचा. बंपरच्या बाहेरच्या कडेपासून उंबरठ्याची आतली कड २१० मिमी आत आहे, त्यामुळे माणसाला वाकून, हात लांब करून बॅग पुढे न्यावी लागते. वजन उचलण्यासाठी अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षा संस्थेचं १९९१ चं सुधारित सूत्र वापरतात. त्यात सगळं अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरलेली आहे. घोट्यापासून हातापर्यंतचं आडवं अंतर २५ सेंमी असेल तर २३ किलो पूर्ण. ५० सेंमी झालं की निम्मे, साडेअकरा. ६३ सेंमीच्या पुढे सूत्र शून्यच देतं. सूत्र कामावर वारंवार उचलणाऱ्यांसाठी आहे, घरच्या माणसाने वर्षातून काही वेळा बॅगा चढवण्यासाठी नाही. पण दोन आराखड्यांची तुलना करायला त्याच्याइतकं स्पष्ट साधन दुसरं नाही.

सीटला टेकवायच्या बॅगेसाठी आमच्या साच्यात हे अंतर सुमारे ६० सेंमी येतं. केवळ या एका घटकाने मर्यादा साडेनऊ किलोवर आली, बाकीचे गुणक लावायच्या आधीच. बंपरची वरची पायरी ७० मिमीने कमी केली तर अंतर ५३ सेंमी आणि मर्यादा पावणेअकराच्या आसपास. सव्वा किलोचा फरक कागदावर छोटा दिसतो. साच्यासमोर उभं राहिलेल्या, कंबर दुखऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो वाचता येतो.

आणखी एक निरीक्षण. जवळजवळ सगळ्यांनी बॅग एका दमात आत ठेवली नाही. आधी उंबरठ्यावर टेकवली, हात बदलला, मग आत सोडली. म्हणजे उंबरठा हा विसाव्याचा कट्टा आहे. तो सपाट हवा, घासून खराब न होणारा हवा, आणि बॅगेची चाकं त्यावरून घसरली पाहिजेत. आत्ताच्या आराखड्यात तिथे रबरी सीलची उंच कड आणि लॅचचा उंचवटा आहे.

७ मार्च

चाकांच्या खुर्चीची चाचणी. मागची चाकं २४ इंची, म्हणजे ६१ सेंमी. घडी केल्यावर जाडी सुमारे ३० सेंमी. सातही सीट भरलेल्या असताना ती मावत नाही, हे मान्य करावं लागतं. डावी तिसरी सीट दुमडून, सहा जण बसलेले असताना ती उभीच आत सरकते आणि बाजूला एक केबिन बॅग राहते. वडिलांना खुर्चीतून नेणाऱ्या एका बाईंनी साच्यावर स्वतः करून दाखवलं. त्यांची सूचना साधी होती: खुर्ची आत गेल्यावर ब्रेकला हलू नये म्हणून चाकाच्या उंचीवर पट्ट्यासाठी कडी हवी, तळात नको. तळातली कडी खुर्चीखाली जाते आणि हात पोचत नाही. डाव्या ट्रिमवर ३५० मिमी उंचीला कडी घेतली.

२० मार्च

उंबरठा किती खाली आणायचा यावर बॉडी गटाचं मत आलं. टेलगेटचं तोंड जितकं खाली कापाल तितका मागचा आडवा पत्रा लहान होतो आणि बॉडी पिळवटली जायला वाव मिळतो. मागचा आडवा पत्रा म्हणजे मोठ्या तोंडाच्या डब्याची राहिलेली एकच बाजू. त्याच्याच मागे बंपरची तुळई आहे, तिची उंची हलवता येत नाही. धक्क्याच्या चाचण्यांत बंपरवर आदळवायच्या लोलकाची संदर्भ उंची ४४५ मिमी ठरलेली आहे. शेवटी ४० मिमीवर तडजोड झाली, उंबरठा ६८० मिमी. आतला तळ ८० ने उतरला असल्यामुळे उंबरठ्यामागे आधीपेक्षा ४० मिमीची जास्तीची पायरी राहते.

ही पायरी मला हवीच आहे. टेलगेट उघडल्यावर चाकांच्या बॅगा बाहेर घरंगळतात, विशेषतः गाडी चढावर उभी असताना. पायरीला चाकं अडतात. तिसरी रांग दुमडून सपाट तळ हवा असेल तेव्हा दोन खाचांत बसणारा फळीचा तळ वरच्या खाचेत ठेवायचा. फळीला मधला टेकू लागेल, नाहीतर जड खोक्याखाली ती झोळ घेईल.

३ एप्रिल

आजची नोंद सीटच्या पाठीबद्दल, कारण आमच्या रचनेत सामान आणि माणूस यांच्या मध्ये तेवढीच एक गोष्ट उभी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १७ मध्ये सामानाची चाचणी आहे. ३०० मिमी घनाचे, प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे पाठीमागे २०० मिमी अंतरावर ठेवतात आणि ताशी ५० किमीची धडक देतात. पाठ जागेवर राहिली पाहिजे. तिचा पुढचा पृष्ठभाग सीटच्या आर-बिंदूच्या (बसणाऱ्याच्या कमरेच्या सांध्याची आराखड्यातली जागा) १०० मिमी पुढच्या उभ्या प्रतलापलीकडे जाता कामा नये. हेडरेस्टसाठी ही मर्यादा १५० मिमी.

१८ किलोच्या ठोकळ्यात त्या वेगाला सुमारे १७३५ जूल ऊर्जा असते. म्हणजे तो जवळपास १० मीटर उंचीवरून खाली पडावा तेवढी. ज्यांना जाळी आणि पट्टे ही चैन वाटते त्यांना मी हाच हिशेब दाखवतो.

आमची अडचण १६ अंशांच्या खाचेची. त्या स्थितीत पाठ आधीच पुढे आलेली असते, म्हणजे मर्यादेपर्यंतची मोकळीक कमी. शिवाय तिच्या मागे उभी बॅग जवळजवळ टेकलेली असते. म्हणून चाचणी दोन्ही खाचांत करायची, आणि ठोकळ्यांबरोबर आमच्या वजन भरलेल्या बॅगांनीही करायची, असं आम्ही स्वतःवर बंधन घातलं. सिम्युलेशनमध्ये २५ ची खाच व्यवस्थित टिकली. १६ च्या खाचेत लॅचची पट्टी वाकली, पाठ सुटली नाही पण मर्यादेच्या फार जवळ गेली. पट्टी १.६ वरून २ मिमी जाड केली, आणि खाचेचा दात दोन्ही बाजूंनी धरला जाईल असा बदलला.

१० एप्रिल

वजनाचा हिशेब. आयएसओ २४१६ प्रमाणे माणशी ६८ किलो आणि सामान ७ किलो धरतात. सात जणांचं सामान ४९ किलो. आम्ही ६० धरलं. त्याचा भार मागच्या ॲक्सलच्या ८५० मिमी मागे पडतो, म्हणजे पुढच्या ॲक्सलवरचे साडेअठरा किलो कमी होतात आणि मागच्यावर साडेअठ्ठ्याहत्तर चढतात. तिसऱ्या रांगेतल्या दोघांचा भार वेगळा. स्प्रिंगचं गणित सस्पेन्शन गटाने बरोबर ठरवलेलं आहे. हेडलाइटची उंची जुळवण्याच्या कक्षेत मात्र ही स्थिती धरलेली नव्हती. धरायला लावली. मागून दबलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकते.

२४ एप्रिल

किरकोळ, पण रोज हाताशी येणाऱ्या गोष्टी.

दिवा: एकच होता, डाव्या ट्रिममध्ये खाली, नेमका वळवलेल्या बॅगेच्या मागे झाकला जाणारा. तो वर घेतला आणि दुसरा टेलगेटच्या खालच्या कडेला दिला. टेलगेट वर गेलं की तो थेट आत प्रकाश टाकतो.

गॅस स्ट्रट (टेलगेट उचलून धरणारा दांडा): आत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, त्यामुळे थंडीत जोर घटतो. २० अंशांवरून उणे २० अंशांवर गेलं की जवळपास १४ टक्के. टेलगेट अर्ध्यात थांबून डोक्यावर येऊ नये म्हणून थंडीचा जोर धरून स्ट्रट निवडला. मग उन्हात तो बंद करायला जड जातो. आतल्या बाजूचा ओढायचा पट्टा ६० मिमीने लांब केला, कमी उंचीच्या माणसाचा हात पोचावा म्हणून.

दोन उभ्या बॅगांच्या पुढे टेलगेटपर्यंत चिंचोळी पट्टी राहते. तिथे पाठीवरच्या पिशव्या सरळ मावतात. त्या टेलगेटवर रेलू नयेत म्हणून आडवी जाळी, ती अडकवायच्या हुकांसहित.

१५ मे

पहिल्या प्रोटोटाइपवर भरणी. सात जण बसले, प्रत्येक सीटवर खरी माणसं. तीन खऱ्या केबिन बॅगा, वेगवेगळ्या बनावटीच्या, प्लायवुडच्या नाहीत. टेलगेट पहिल्याच ढकलण्यात लागलं. वळवलेल्या बॅगेच्या टोकाला ट्रिमपासून ७ मिमी अंतर होतं. मऊ पिशव्या पट्टीत गेल्या, पाठीच्या वर काहीही आलं नाही. दुसऱ्या फेरीत मोठी बॅग आडवी आणि शेजारी एक केबिन बॅग, तीही बसली.

ठोकळ्यांची मोजणी औपचारिकतेसाठी पुन्हा केली. तळ उतरल्यामुळे आकडा वाढला आहे, तो माहितीपत्रकात जाईल. त्याच्या शेजारी भरलेल्या बॅगांचं रेखाचित्र छापायची मागणी मी लेखी दिली आहे.

बाकी राहिलेलं: डाव्या सीटची १६ अंशांची खाच कळावी म्हणून लॅचच्या पट्ट्यावर बॅगेचं चिन्ह, ते डिकीच्या बाजूनेही दिसलं पाहिजे, कारण पाठ ताठ करायची गरज सामान चढवणाऱ्याला पडते, सीटवर बसणाऱ्याला नाही. पट्टा मागून ओढता यावा अशी दुसरी दोरी सीट गट पुढच्या आठवड्यात लावून देतो आहे. ती लागली की दोन्ही खाचांची धडक चाचणी, आधी १६ ची.